जुनी कडवी

केतकीने नमुना पुन्हा कटुतामापकात घातला. काटा पुन्हा 'अतिकडू'च्या तांबड्या पट्ट्यात जाऊन थांबला.

"म्हणजे यंत्र ठीक आहे," डॉ. नोएल साळवे म्हणाला. "मग बिघडलंय काय?"

"तू एक घोट घे. मग बोलू."

नाशिकबाहेरच्या या लहानशा मद्यशाळेची 'जुनी कडवी' ही एके काळची शान होती. हॉपच्या फुलांनी इतकी कडू, की पहिल्या घोटाला माणूस डोळे मिटून घ्यायचा. पुढे लोकांना आंब्याच्या, लिचीच्या गोडसर बिअर आवडायला लागल्या आणि कडवी बंद पडली. यंदा केतकीने हौसेखातर जुन्याच कृतीने एक टाकी काढली, तर दारात रांग लागली. 'किती मऊ!' 'अगदी मधासारखी!' हरवलेली चव परत आली, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. केतकी आधी सुखावली, मग घाबरली. कडवीला मऊ म्हणणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. आणि हल्ली तिला स्वतःलाही ती मऊच लागत होती.

म्हणून तिने कॉलेजातल्या या मित्राला बोलावलं होतं. नोएल चवशास्त्रज्ञ, त्याच सकाळी बंगळुरूहून आलेला. त्याने घोट घेतला आणि थेट बेसिन गाठलं.

"अरे देवा! याला लोक मध म्हणतात? केतकी, हे काढ्याचं मेलेलं भूत आहे!"

"तुला कडू लागली?"

तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की तो चूळ भरायचा थांबला.

त्याने तिच्या जिभेवरून कापसाचा बोळा फिरवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आंब्याची बिअर साखरेशिवाय गोड लागावी म्हणून तू यीस्ट घडवलं होतंस ना?"

"हो. ते एक प्रथिन सोडतं. ते प्रथिन जिभेवरच्या कटुताग्राहींना बूच बसवतं. कडू कळेनासं झालं, की बाकीचं सगळं गोड भासतं. पण परिणाम लगेच उतरतो."

"घोटाचा उतरतो. यीस्ट तोंडात घर करून राहिलं तर कसा उतरेल? बिअर गाळत होतीस?"

केतकीने दाराकडे पाहिलं. न गाळलेली, जिवंत बिअर. त्यांच्या दारावरच्या पाटीवर हेच तर मोठ्या अभिमानाने लिहिलेलं होतं.

"पण मीरू झाल्यापासून मी नुसती चाखून थुंकते रे."

"तोंडात घेतेस ना? तेवढं पुरतं त्याला." नोएलने चष्मा काढला. "कडू ही काही मजेची चव नाही. तो पहारेकरी आहे. विषं बहुतेक कडू असतात. तुझ्या गिऱ्हाइकांचा पहारेकरी झोपलाय. त्यांना सांगू, औषध शोधू. मोठी माणसं आहेत, जपून राहतील. नशीब, पोरंबाळं बिअर पीत नाहीत."

केतकीला काळा बोळ आठवला.

गेल्या आठवड्यात मीरूचं अंगावरचं दूध सोडवायचं ठरलं होतं. सासूबाईंनी स्तनाला लावायला कडूजहर काळा बोळ उगाळून दिला होता. तो नुसता ओठाला लागला तरी मूल तोंड फिरवतं. मीरूने मात्र तोंड फिरवलं नाही. काळ्या ओठांनी खुदकन हसून ती पुन्हा आईला बिलगली. केतकीला भरून आलं होतं. तिला वाटलं होतं, ही माया. माझ्यासाठी माझी लेक कडूसुद्धा गोड मानून घेते.

"नोएल... मी तिचा प्रत्येक घास आधी माझ्या ओठांना लावून बघते. गरम आहे का ते."

तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, मीरू जेवली का?"

"जेवतेय. दुधी घालून गुरगुट्या भात केलाय. परसातल्या वेलाचा कोवळा दुधी."

कडू निघालेला दुधी विषारी असतो. म्हणून चिरताना एक फोड आधी आपण चाखायची, ही घरातली रीत.

"फोड चाखलीत ना?"

"हे काय विचारणं झालं? न चाखता चिरलाय का मी कधी? लोण्यासारखा आहे."

केतकीचा जीव जरा भांड्यात पडला. सासूबाईंनी उभ्या जन्मात बिअरच्या बाटलीला हात लावला नव्हता. मद्यशाळेला त्या 'तुझा तो कारखाना' म्हणत. पण मीरूने टाकलेला घास मात्र त्या रोज स्वतःच्या तोंडात टाकत. अन्न वाया जायला नको म्हणून.

"आई, तो बोळ... तो चाखला होतात तुम्ही?"

"चाखला म्हणून तर काष्ठौषधीवाल्याशी भांडून आले! मेल्याने भेसळीचा दिला. चवच नाही त्याला काही. पोरगी हसेल नाही तर काय करेल?"

केतकीने टेबलाची कड घट्ट धरली. नोएलने गाडीची किल्ली उचलली होती.

"आई, घास खाली ठेवा. एक शीतसुद्धा तिच्या तोंडात जाऊ देऊ नका. तुम्हीही खाऊ नका. आम्ही डॉक्टरकडे न्यायला येतोय."

"अगं, झालंय काय? इतकी आवडीने खातेय..."

पलीकडे रिकाम्या वाटीवर चमचा आपटला आणि मीरूचा बोबडा, लाडका आवाज आला.

"अजूऽन."