‘सोड’ म्हणेपर्यंत

भुताच्या गोष्टी मीही हसण्यावारी नेते. पण ही ऐकीव नाही. माझ्याच शिवणखोलीत घडली, गेल्या वर्षी, रविवारी, भर दुपारी.

मी सोफ्याची कव्हरं शिवते. काम आत्याने शिकवलं. जिभेने तिखट बाई, पण हाताने पक्की. तिचा एक नियम होता. जाड कापड शिवताना दुसरीने ते दाबून धरायचं आणि शिवणारी ‘सोड’ म्हणाली तरच हात काढायचा. आभाळ कोसळलं तरी त्याआधी नाही.

आत्या जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

त्या दुपारी खोलीत मी आणि माझी सात वर्षांची चिमी, दोघीच. वीज गेलेली. चिमी स्टुलावर चढली आणि तोल जाऊन आरशावर कोसळली.

काचेने मांडी चिरली. रक्त उसळ्या मारत येत होतं.

मी अस्तराचं कापड जखमेवर दाबलं. फोन स्पीकरवर ठेवला.

“निघालोय ताई,” ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला. “दाबून धरा. उचलून बघू नका.”

पण शिवण उचलून बघायची माझी जन्माची खोड. मी बघितलं. भळ्ळकन रक्त आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बघितलं...

चिमीचे ओठ पांढरे पडत चालले.

“थांबत नाही? मग जखमेच्या वर पट्टा आवळा.”

आवळायला दोन हात हवेत. दाबायलाही दोन. माझं डोकंच चालेना.

मी सवयीने ओरडले, “दाबून धर गं!”

कुणाला म्हणाले, देव जाणे. मी हात काढले...

कापड दबलेलंच राहिलं.

अस्तरावर चार खळगे पडले होते. बोटांएवढे.

खोलीत कुणी नव्हतं.

मी जखमेच्या वर सोफ्याच्या नवारीची पट्टी बांधली, हातोडीचा दांडा अडकवून पिळली. रक्त थांबलं.

ॲम्ब्युलन्सवाल्याने आत येताच इकडेतिकडे पाहिलं. “दुसऱ्या बाई कुठे गेल्या?”

“कुठल्या?”

“फोनवर तुम्हाला रागावत होत्या ना... ‘बघू नकोस, पीळ’ म्हणून.”



चिमी वाचली. टाके निघाले, जखम भरली. पण तिथे चार बोटांचे वळ आहेत. वर्ष झालं, जात नाहीत. हात लावला तर तेवढीच जागा थंड लागते.

परवा झोपताना चिमी म्हणाली, “आई, आत्याआजी दमली असेल गं. तिला सांग ना, सोड म्हणून.”

एका शब्दाचं काम आहे. जखम भरलीये, मला कळतं.

तो शब्द ओठांवर येतो... आणि मला ते उचललेलं अस्तर दिसतं.

अजून माझ्याने म्हणवलेलं नाही.