उतरलेली बारीक तार

रघुवीरने खोकं टेबलावर ठेवलं. "शामकाका, दोन दिवस वाजवा आणि परीक्षण लिहा. पण सभ्य भाषेत हं."

"सभ्य लिहिता आलं असतं, तर जन्मभर विनोदी सदर कशाला चालवलं असतं?"

तो संगीताची वेबसाइट चालवतो. मी निवृत्त आहे, आणि गिटार बेताची वाजवतो, म्हणजे शेजाऱ्यांना पुरेल इतपत. खोक्यात गिटारवाल्यांचं भारीपैकी मल्टि-इफेक्ट पेडल होतं. पायाने दाबलं, की साधी गिटार कधी देवळात वाजते, कधी बोगद्यात. सोबत एक नवीकोरी काळी इलेक्ट्रिक गिटार.

पहिल्या दुपारी नोंदी केल्या. बांधा मजबूत. बटणं बुटासाठी केलेली, चपलेखाली दोन एकदम दाबली जातात. आवाज दोनशे, कामाचे सहा. ट्यूनर मात्र फारच आवडला. तो लावला की आवाज बंद. तार छेडली की पडद्यावर सुराचं अक्षर उमटतं आणि काटा हलतो. काटा मधोमध आला की तार जुळली. कानांचं कामच नाही.

इथे लवू आठवला.

डिलाईल रोडला, मी आता राहतो त्या टॉवरच्या जागी आमची चाळ होती, तेव्हा लवू परब शेजारच्या खोलीत राहायचा. गिरणीच्या साचेखात्यात वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली, त्यात कान गेले. तिथे सगळेच आवाज न काढता, ओठ रुंद हलवून बोलायचे. लवू घरीही तसाच, समोरच्याचे ओठ वाचायचा. गिटारच्या कडेला दात टेकवून वाजवायचा.

"माका दातानी ऐकाक येता, शाम्या."

पुढचा एक दात पडलेला. बारीक तार मुद्दाम जराशी उतरवायचा. पुरी चढवली तर सूर त्या फटीत टोचतो म्हणे.

ब्याऐंशीच्या संपात चाळीच्या गणपतीपुढे तो वाजवायला बसला. मी सदरात लिहिलं, संप इतका लांबलाय की आमच्याकडे कामगार गिटार खायला लागलेत. मुंबई हसली. चाळीतली माणसं लवूला विचारू लागली, "सोबत चटणी देऊ काय?"

तो कठड्यापाशी भेटला. हातात पेपर.

"बरा लिवलंस रे," नुसत्या ओठांनी म्हणाला.

"रागावलास?" मी विचारलं. पण शरमेने तोंड फिरवून विचारलं. त्याला कळणार कसं?

आठवड्याने तो गावी गेला. दोन वर्षांनी तिकडेच वारला. मी पत्र लिहिणार होतो.

दुसऱ्या दुपारी गिटार समोरच्या खुर्चीत टेकवून चहा टाकायला उठलो. ट्यूनर चालूच राहिला. परत आलो, तर पडद्यावर अक्षर. बारीक तारेचं. काटा रेषेच्या किंचित डावीकडे, म्हणजे तार उतरलेली.

नव्या तारा उतरतात. खुंटी पिळून काटा मधोमध आणला आणि हात काढला.

काटा पुन्हा डावीकडे गेला.

रघुवीरला फोन केला. "पंख्याचा वारा लागत असेल, काका."

पंखा बंद होता. तरी उठून बटण पाहून आलो.

अक्षरं बदलू लागली होती. एकामागून एक, सावकाश. तारा स्थिर. खोलीत आवाज कसलाच नाही. मी अक्षरं मनात गुणगुणून पाहिली.

गणपतीपुढची चाल.

"चुकलो रे, लवू," मी मोठ्याने म्हणालो.

चाल तशीच पुढे गेली.

मग लक्षात आलं. खुर्चीसमोर बसलो. या वेळी तोंड फिरवलं नाही. ओठ रुंद केले आणि आवाज न काढता तेच पुन्हा म्हणालो.

पडदा कोरा झाला.

संध्याकाळी रघुवीर सामान न्यायला आला. गिटार उचलून उजेडात धरली.

"काका, चावलात की काय? परत करायचीय ही!"

वरच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या. मधे एका दाताची जागा मोकळी.

"माझी कवळी आहे, रघुवीर. तिला फट नाही."

मी खुणांवरून बोट फिरवलं.

अजून ओल्या होत्या.