थंड खोलीचा बिघाड

ती बाहेरून दार ओढत होती, तो आतून ढकलत होता... आणि दार सुटलं ते थेट तिच्या कपाळावर!

"लागलं?"

"दाराला लागलं असेल, ते बघा आधी!"

ती प्रयोगशाळेत काम करायची — पेशी थंडीत कशा तगतात ते शोधायची. तो थंड खोली दुरुस्त करणारा मिस्त्री. त्या खोलीत गारठा असा, की आज शिंकलं तर शिंक उद्या ऐकू यायची. हसू नका, खरं सांगतेय!

त्यानंतर ती खोली जी बिघडायला लागली... दर आठवड्याला! मैत्रिणी म्हणायच्या, "मशीन म्हातारं झालंय." म्हातारं कसलं! हीच बया गुपचूप बटण फिरवायची आणि साळसूद आवाजात फोन करायची. पेशी मात्र आधी दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवायची. प्रेमात पडली तरी अक्कल शाबूत होती.

तो यायचा. पाना फिरवता फिरवता विचारायचा, "तुमच्या पेशी कुडकुडत नाहीत?"

"त्यांचं आवरण चरबीच्या कणांचं असतं. गारठ्यात ते कण एकमेकांना चिकटतात, आवरण ताठ होतं, मग पेशीचं काही खरं नाही. म्हणून ती वाकड्या शेपटीचे कण बनवते. शेपटी मध्ये आली की चिकटता येत नाही... आवरण मऊ राहतं."

"म्हणजे अंतर ठेवलं की जीव वाचतो?"

"...पेशींचा."

तो खाली बघून हसला. स्वच्छ पाना उगाच पुसत राहिला.

मग एका दुपारी म्हणाला, "मला मासळीच्या जहाजावर काम मिळालंय. तिथला बर्फखाना सांभाळायचा. वर्षभर. परवा निघतो... आता दुसरा मिस्त्री येईल."

तिनं विचारलं, "तो... चांगला आहे?"

"चांगलाय. फक्त बटण कोण फिरवतं, ते त्याला सांगू नका."

ती कानापर्यंत लाल. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच खेपेला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही थांबला असतात ना!"

'जाऊ नका' अगदी ओठांवर आलं... तिनं ते गिळलं. त्याचा गार पडलेला हात धरला.

"विचार ना मग... वर्षभर वाट बघशील का म्हणून."

पहिल्यांदाच अहो-जाहो गळून पडलं होतं. त्यानं दुसऱ्या हातातला पाना खाली ठेवला.

"बघशील?"

"बघेन. आता जा लवकर — म्हणजे लवकर येशील."

म्हणाली खरी... पण हात काही सोडला नाही.