सहावी लिएपा

दर जुलैत स्काइस्ते समुद्राकाठच्या क्लाइपेदाहून आत्याकडे गावी येई ती लिएपाच्या, म्हणजे लिंडनच्या, झाडांची फुलं वेचायला. माळ्यावर वाळवली की हिवाळाभराच्या चहाची सोय.

"उतर खाली. बहात्तर वर्षांची आहेस."

"हळू बोल, झाडाला ऐकू जाईल," फांदीवरून मोर्ता आत्या म्हणाली.

घरात मुलगी जन्मली की विहिरीच्या वाटेवर लिएपाचं रोप लावायचं, त्याला तिचंच नाव द्यायचं. पाच मुली, पाच झाडं, शेवटचं स्काइस्तेचं. यंदा त्यांच्यापुढं, वाटेतल्या गवतात सहावं दिसलं, तिच्या खांद्याएवढं.

"हे कुणाचं गं?"

"आगंतुक आहे. बादली नेताना पायात येतं. उपट आजच. रोपवाटिकेत पगार कशाचा घेतेस?"

स्काइस्तेनं कुदळ आणली, पण सवयीनं आधी वय मोजलं. दर वर्षी वाढ थांबते तिथं खोडावर कडं उमटतं. शेंड्यापासून मुळापर्यंत सात.

तिनं पुन्हा मोजलं. सातच.

सात वर्षांपूर्वी, ज्या एका जुलैत ती गावी आली नाही, तेव्हा तिला मुलगी झाली होती. बाळ रडलंच नाही. गावी कुणाला दिवस गेल्याचंही ठाऊक नव्हतं, मग रोप कोण लावणार? बाळाच्या दुपट्याभोवती गुंडाळायला स्वतः विणलेला पट्टा तिनं बाळासोबतच क्लाइपेदाच्या मातीत ठेवला. नावही मनातच ठेवलं.

तिनं पानं बाजूला केली. रोप काठीला बांधलेलं होतं. हिरव्या-लाल पट्ट्यानं. मधोमध एक लाल धागा चुकलेला, तिनं विणताना चुकला होता तिथंच.

"आत्या, हे तू बांधलंस?"

"मी? मी काठीसुद्धा रोवली नाही."

कुदळ तिनं गवतात ठेवली.

"उपटतेस ना?"

"नाही. वाट वळवू."

"एवढ्याशा रोपासाठी?"

"हो."

आत्या फांदीवरून खाली उतरली. "मग नाव सांग. बिननावाचं झाड माझ्या वाटेवर नको."

"लिएपा."

"झाडाचं नाव झाडच?"

"आपल्याकडे जुलै महिन्याचंही तेच आहे. मुलींचंही ठेवतात."

आत्या हसली नाही. टोपली उचलून घरात गेली.

स्काइस्ते गुडघ्यांवर बसली. सात वर्षं बांधलेला पट्टा एव्हाना सालीत रुतायला हवा होता. साल गुळगुळीत होती. पट्ट्यावर जुन्या गाठींच्या सहा चुण्या होत्या, प्रत्येक आधीच्या चुणीहून बोटभर पुढं; खोड वाढेल तशी दर वर्षी कुणीतरी गाठ सोडून सैल बांधली होती.

सातवी गाठ नवी होती. अजून मातीनं ओलसर.