वैयक्तिक संबंध असल्यास लिहावे

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या मधे नदी होती, आणि तो पलीकडच्या काठावरून माझ्यावर ओरडत होता.

"अहो बाई! ती शाळा कुठंय?"

मी फळ्याची फडकी धुवायला उतरले होते. "माझ्या मागे! दिसत नाही का?"

"दिसतेय हो... पण यायचं कसं?"

"पुलावरून! वळसा घालून!"

त्यानं हातातल्या फोनकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "यात तर सहाशे मीटरच दाखवतंय!"

"मग त्या फोनलाच सांगा पोहत यायला!"

पाऊण तासानं स्वारी घामाघूम होऊन शाळेच्या पायरीशी हजर. केस विस्कटलेले, बुटांना चिखल, हातात लांब दांड्याचं मोजणीचं चाक. दोन पेले पाणी घटाघटा पिऊन म्हणाला, "शाळांना सरकारी पैसा वाटायची नवी पद्धत येतेय ना... त्या कामातला मी."

झालं! माझं डोकंच सणकलं. त्या पद्धतीनं महिनाभर माझी झोप उडवली होती. तशी ती वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू? आजवर ज्या शाळेची वर ओळख, तिच्या पदरात पैसा पडायचा. आता तो मुलांच्या संख्येवर मिळणार होता, आणि लहान शाळेला जादा एका शिक्षकाचा खर्चही. फक्त एक अट होती. जवळची दुसरी शाळा तीन किलोमीटरच्या पलीकडे हवी. आणि यादीत आमच्याजवळची दुसरी शाळा होती सहाशे मीटरवर, नदीच्या त्या काठाला! आमच्याकडे मुलं चौतीस, शिकवणाऱ्या दोघी – मोठ्या बाई आणि मी. जादा खर्च नाही म्हणजे मी नाही. मोठ्या बाई वर्षअखेर निवृत्त झाल्या की शाळेला कुलूप, आणि सहा-सहा वर्षांची पोरं पुलाला वळसा घालत पायपीट करणार.

"सहाशे मीटर कोणत्या शहाण्यानं मोजलं?" मी विचारलं.

तो बुटांकडे बघायला लागला. "मी... म्हणजे, ऑफिसात बसून. नकाशावर दोन ठिपके होते, त्यांच्यामधे सरळ रेघ मारली."

"आणि नदी?"

"नदी... जरा फिकट छापली होती हो."

मला खरं तर त्याला चार खडे बोल सुनवायचे होते. पण तो ते इतक्या केविलवाण्या चेहऱ्यानं म्हणाला, की मला हसूच फुटलं. तोही हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे मी बघायला नको होतं... पण बघितलं.

त्या दिवशी त्यानं येता-येता मोजलेलं अंतर वहीत लिहिलं. चार दिवसांनी पुन्हा आला, म्हणे माप तपासायचंय. मी पुलापर्यंत सोबत गेले. तो चाक ढकलत होता आणि मी बडबडत होते. मधेच तो थांबला.

"काय झालं?"

"तुम्ही बोलता तेव्हा माझी मोजणी चुकते."

"मग गप्प बसते."

"नको... चुकू दे."

मी आपली रस्त्याकडेचं गवत उपटत उभी राहिले. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

तिसऱ्यांदा आला तेव्हा चाकच आणलं नव्हतं. "मुलांना चालायला किती वेळ लागतो ते बघायचंय," म्हणाला. मुलं केव्हाच घरी गेली होती! शेवटी मोठ्या बाईंनीच चहा दिला आणि स्वतः मुद्दाम कपाट आवरायला निघून गेल्या.

मी आत्याकडे राहते. रात्री जेवताना तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मोजणीदार एकदा येतो, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा येतो तो जावई."

"आत्या! काहीतरीच काय! तो शाळेसाठी येतो."

"असेल बाई. तू का लाल झालीस मग?"

नंतर बारा दिवस तो फिरकला नाही. फोन नाही, निरोप नाही. शाळेसाठीच येत असेल, तर मला राग कसला येतोय? आणि माझ्यासाठी येत असेल, तर गेला कुठे? मी पाढे शिकवताना सात नव्वे बहात्तर म्हणाले, आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

शाळांच्या यादीवर सुनावणी होती, त्या दिवशी मोठ्या बाई आणि मी त्याच्या ऑफिसात गेलो. हॉल गच्च भरलेला. समोरच्या टेबलामागे समितीचे वयस्कर अध्यक्ष, त्यांच्या शेजारी जाड चष्म्याच्या एक कडक बाई, आणि टोकाला तो! त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आमच्या शाळेचं नाव पुकारलं. अध्यक्ष कागद वाचू लागले. "रस्त्यानं अंतर तीन किलोमीटर चाळीस मीटर. म्हणजे अटीत बसतंय. पण अहवालावर सही नाही?" त्यांनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. "काय हो?"

तो उभा राहिला. "सर, सहीच्या वर एक रकाना आहे. शाळेशी वैयक्तिक संबंध असल्यास लिहावे. तिथं 'नाही' लिहून सही करायची असते. मी... बारा दिवस प्रयत्न केला."

"म्हणजे? नातेवाईक आहे कुणी तिथं?"

"नाही सर." तो घुटमळला. "अजून नाही."

हॉलमधे खसखस पिकली. मोठ्या बाईंनी माझा हात गच्च धरला. मला हसावं, रडावं की जमिनीत गडप व्हावं, काही म्हणता काही कळेना.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, यांचं एकतर्फी असेल तर आमची हरकत नाही. माप धरून आजच मंजुरी देतो. पण तुमच्याकडूनही तसं असेल, तर हे माप रद्द. या मॅडम स्वतः येऊन फेरमोजणी करतील, आणि निघेल ते निघेल. सांगा, तुमचा यांच्याशी काही संबंध आहे?"

"नाही म्हण," मोठ्या बाई कोपरानं ढोसत पुटपुटल्या. "अगं, नाही म्हण!"

एक 'नाही', आणि शाळा वाचत होती. जेमतेम चाळीस मीटरांवर सगळं तोललेलं. चष्म्याच्या बाईंनी थोडं इकडेतिकडे केलं तर चौतीस मुलं उघड्यावर! आणि समोर तो उभा... मान खाली घालून, जणू त्यानंच मला 'नाही' म्हणायची परवानगी दिली होती.

"आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "म्हणजे... आहे असं आत्ताच कळलं. लिहून घ्या. आणि खुशाल मोजा. रस्ता कुणीही मोजला तरी तेवढाच भरेल."

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. पण निकाल लागेपर्यंत त्याला आमच्याशी बोलायलाही मनाई झाली.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मी शाळा विकली की काय, हा विचार पाठ सोडेना. मग चष्म्याच्या बाई आल्या. कुणालाही सोबत न घेता त्या आमच्या शाळेपासून पलीकडच्या शाळेपर्यंत चाक ढकलत गेल्या, आणि तशाच मोजत परत आल्या. मी दारातच उभी.

"तीन किलोमीटर दोनशे साठ," त्या म्हणाल्या. "जाताना तेवढं, येतानाही तेवढंच. मंजूर. बाकीच्या नदीकाठच्या शाळाही आता रस्त्यानंच मोजणार आम्ही."

मी मटकन पायरीवरच बसले. "पण... त्यांनी तर चाळीसच लिहिलं होतं."

"तेच तर!" त्यांनी चष्मा काढला, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "तुमच्या बाजूनं झुकतोय की काय, या भीतीनं त्या गाढवानं प्रत्येक वळण आतल्या कडेनं मोजलं. अजून थोडा प्रामाणिक असता, तर शाळाच बंद पाडली असती."

त्या गेल्यावर मी खूप हसले, मग खूप रडले. मग त्याला फोन लावला.

"दोनशे वीस मीटर कमी का मोजलंत?"

तो म्हणाला, "मन तुमच्याकडे ओढत होतं... म्हणून चाक दुसरीकडे ओढलं."

"आता निकाल लागलाय," मी म्हणाले. "आता कुठंही ओढू नका. सरळ घरी या. आत्या वाट बघतेय." आणि फोन ठेवायच्या आत घाईघाईनं सांगून टाकलं, "मीही."