फळ्यांखालचा आवाज

मोंतेविदेओच्या नाटकमंडळीचा दिग्दर्शक झाल्यावर लोथार रोझेनाऊनं पहिलं काम केलं ते प्रॉम्प्टरला रजा देण्याचं. "संवाद पाठ नसतील त्यानं बंदरावर हमाली करावी," असं मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगून रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायाखाली प्रॉम्प्टर बसायची ती खोबणसुद्धा त्यानं फळ्या ठोकून बुजवली.

खरं कारण वेगळं होतं. मायदेशी, मॅनहाइमच्या त्याच्या नाटकघरात, अशाच खोबणीत टिल्डे बसायची आणि मधूनच बारीक खोकत नटांना संवाद सांगायची. ज्यू म्हणून नाझींनी त्याला नाटकघरातून हाकललं, तेव्हा "तूही चल" म्हणून त्यानं तिची किती विनवणी केली. "आपल्या उरलेल्या माणसांना कोण सांभाळेल?" म्हणत ती मागं राहिली. युद्ध पेटल्यापासून तिची काही खबर नव्हती.

पण लोथार खचणारा नव्हता. शिंपिणी, कारकून, एक दंतवैद्य असली माणसं हाताशी धरून त्यानं नाटक असं बसवलं, की गावात त्याचीच चर्चा.

एका दुपारच्या तालमीत नायिका एल्विरा अडखळली, क्षणभर थांबली आणि धडाधड पुढं बोलत सुटली.

"मास्तर, हमालीचा धाक आम्हाला, आणि खाली बाई बसवून ठेवलीत होय!" ती हसली.

"कुठली बाई?"

"ती खोकणारी. गोड सांगते हो."

लोथारनं फळ्या तपासल्या. खिळे जागच्या जागी होते. "तुला ताप आलाय," तो म्हणाला. दंतवैद्य खाली मान घालून पुटपुटला, "मग मलाही आलाय, मास्तर."

पहिल्या प्रयोगाला नायक खरोखरच तापानं पडला. तिकिटं संपलेली. "मी उभा राहतो," लोथार म्हणाला. नाटक त्याला तोंडपाठ होतं. भीती होती ती फक्त परक्या भाषेची.

पहिला अंक झकास गेला. दुसऱ्यात, ऐन भांडणाच्या प्रवेशात, त्याची जीभ थिजली.

पायाखालून कुजबुज आली.

स्पॅनिश शब्द, हेल मॅनहाइमचा. मग तिचा तोच बारीक खोकला ऐकू आला.

टिल्डेला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं.

तो ऐकत गेला, बोलत गेला. पडदा पडला तेव्हा लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होते. मंडळीचे मालक विंगेतूनच ओरडले, "पुढचा अख्खा हंगाम तुमचा!"

लोथार आभार मानायला पुढं आला. स्पॅनिश शब्द सापडेना. पुन्हा कुजबुज झाली. त्यानं सवयीनं ती तशीच मोठ्यानं म्हटली.

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेत एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

"काय बोललो मी?" त्यानं एल्विराचा हात धरला. "चुकलं का काही?"

"नाही. व्याकरण अगदी बरोबर होतं." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्ही म्हणालात, 'इथं खाली फार गर्दी झालीय, आणि अजून माणसं येतायत.'"