डाव्या बाजूचं अस्तर

दारव्ह्याहून आमच्या गावाला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी बाजार असूनही ती भरेना, म्हणून मी समोरच्या टेलरच्या दुकानात बाकड्यावर जाऊन टेकले. एवढंच. मुद्दाम कोणी कोणाला भेटायला गेलं नव्हतं...

आत एकटाच माणूस मशीनवर वाकलेला, कानामागे खडू. मी डोक्यापासून नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळलेली. त्यानं वर पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मॅडम, ब्लाऊज शिवाचं हाय का बँक लुटाची हाय?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं, देवच जाणे.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. स्कार्फखाली केस नव्हते. फेब्रुवारीत नागपूरला ऑपरेशन होऊन माझा डावा स्तन काढला होता आणि आता दर एकवीस दिवसांनी मी यवतमाळला केमोला जात होते. वय अठ्ठावीस, लग्न नाही, गावात अंगणवाडी सेविका. डॉक्टरांनी गोळ्या, पथ्य, हाताचे व्यायाम सगळं समजावलं. पण अंगणवाडीची साडी नेसल्यावर त्या रिकाम्या बाजूचं काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी जुन्या ओढणीची घडी आतून पिनांनी टाचायची. आमच्या गावच्या शकुबाईकडे ब्लाऊज टाकलं असतं तर दिवस मावळायच्या आत माझं दुखणं घरोघरी पोचलं असतं. म्हणून कापड पिशवीत घेऊन नुसती हिंडत होते.

ते काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं मापाचं ब्लाऊज मागितलं. आमच्याकडे लेडीज टेलर अंगाला टेप लावत नाहीत. आपलं जुनं ब्लाऊज द्यायचं, त्यावरून तो नवं शिवतो. मी दिलं – आजारपणाच्या आधीचं. दुसरं होतंच कुठे माझ्याजवळ?

नाव विचारलं, मी मोनाली म्हणून सांगितलं. तो संघदीप. मग मी म्हटलं, कधी देता, संघदीपभाऊ?

"पुढच्या बाजाराले," तो म्हणाला. "फक्त ते भाऊ... ते सोडून काईबी म्हना."

ब्लाऊज मापाबरहुकूम आलं, म्हणजे अर्थातच चुकीचं आलं. डावीकडे हा झोळ! खरं बोलायची हिंमत नव्हती, मग काय, भांडले. कसले टेलर तुम्ही, दोन बाजू सारख्या शिवता येत नाहीत? त्यानं जुनं ब्लाऊज त्यावर पसरून पाहिलं, सूतभर फरक नाही. तरी बिचारा उसवायला बसला. पुढच्या बाजाराला परत झोळ, परत भांडण. त्यानंतर दुसरं कापड, तिसरं कापड... अंगणवाडीच्या एका बाईला किती ब्लाऊजं लागतात हो? मी आपली टाकत राहिले.

उन्हाळ्यात केमोनंतर तोंडाला चव नसायची. मी सांगितलं नव्हतं, तरी त्याच्या टेबलावर कैरीच्या फोडी आणि मीठ असायचं. पावसाचं पाणी सुरू झालं तसा दुकानाच्या टिनावर असा आवाज व्हायचा की बोलायला जवळ सरकावं लागे. खळीचा, गरम इस्त्रीचा वास. तो 'मॅडम' म्हणायचा, मी 'टेलरसाहेब'. जीप भरली की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि आम्ही दोघंही ऐकलं नाही असं दाखवायचो.

केमोला माझ्या शेजारच्या खाटेवर निकिता मॅडम असायच्या, यवतमाळच्या, बँकेत नोकरीला. त्यांच्याकडे नागपूरहून विकत आणलेला सिलिकॉनचा पॅड होता. मला तर असं काही मिळतं हेही माहीत नव्हतं. पण त्यांचा नवरा त्यांना गेटवर सोडून गाडी वळवून निघून जायचा, आणि सलाईन संपेपर्यंत त्या माझ्याशीच बोलायच्या. एकदा त्यांनी विचारलं, तुला मनातलं बोलायला कोणी आहे का गं? मी पटकन हो म्हटलं. परत येताना जीपमध्ये विचार केला, कोण? मायला सांगावं तर ती रडत बसते. डोळ्यांपुढे आला तो संघदीप. आणि त्यालाच मी अजून काही सांगितलं नव्हतं.

पोळ्यानंतरच्या बाजाराला त्यानं मशीनवरून मान न उचलता विचारलं, "दीक्षाभूमीहून आलो का मायले घेऊन येऊ काय... तुमच्या घरी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. दुकानात तिसरं कोणी नव्हतं, पाऊसही थांबला होता. पण मला वाटलं, कळलं की हा माणूस नजर फिरवेल, आणि ते मला बघवणार नाही. मी हसून म्हटलं, "आधी एक ब्लाऊज नीट फिटिंगचं शिवून दाखवा. मंग आना मायले."

मला पक्कं ठाऊक होतं की त्या मापानं नीट फिटिंग जन्मात होणार नाही. भित्री होते मी, दुसरं काय!

दीक्षाभूमीला जायच्या आधीच्या बाजाराला त्यानं वर्तमानपत्रात बांधलेला पुडा दिला. या वेळी चेष्टा नाही, काही नाही. घरी येऊन दार लावलं, ब्लाऊज घातलं आणि आरशासमोर उभी राहिले. दोन्ही बाजू सारख्या. पिन नको, ओढणी नको. आतून पाहिलं तर डाव्या बाजूच्या अस्तराला खिसा शिवलेला. त्यात मऊ पांढऱ्या कापडाची गोल गादी, आत पिंजलेला कापूस, आणि वजन यावं म्हणून मधोमध मोहरीची पुरचुंडी. घडीभर मी इतकी खूश होते की काय सांगू! मग एकदम लक्षात आलं. म्हणजे याला माहीत आहे. किती दिवसांपासून? बघत होता की काय हा?

पुढच्या बाजाराला मी तणतणत दुकानात शिरले. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोरच बोलले.

"तुमाले ब्लाऊज शिवाले सांगतलं होतं. माह्या अंगाकडं पाहाले नाई."

त्याच्या हातातला खडू तसाच हातात राहिला.

"चुकलं माहं," तो म्हणाला. बस, इतकंच.

मी निघून आले. त्यानंतर त्या दुकानापुढून जायचं नको म्हणून दीड वर्ष बाजारालाच गेले नाही. आणि ब्लाऊज? ते मी रोज घातलं. संध्याकाळी धुवायचं, सकाळी परत तेच. खिशाचे टाके दोनदा उसवले, दोन्ही वेळा मीच हातानं घातले.

यंदा तपासणीला गेले तेव्हा दवाखान्यात बिजलीबाई भेटली, पुसदकडच्या तांड्यावरची. तिनं छातीशी मुलाचा पायमोजा कोंबला होता आणि तो सारखा खाली घसरत होता. मी तिला बाजूला नेऊन माझं ब्लाऊज दाखवलं. तिनं खिसा उलटापालटा करून पाहिला, मोहरी बोटांनी चाचपली आणि विचारलं, एवढ्या मायेनं कोणी शिवलं, बाई? नवऱ्यानं का?

मी खिसा नीट केला आणि तिच्याकडे कापड मागितलं.

तिचं कापड आणि मापाचं ब्लाऊज घेऊन मी दारव्ह्याला गेले. दुकान तेच होतं. दाराशी एक तरुण बाई काज-बटणं करत होती, हातात हिरवा चुडा, अजून नवा. मला ताई म्हणून तिनं आत बसवलं आणि चहा सांगायला गेली.

मी संघदीपसमोर बिजलीबाईचं कापड ठेवलं. नमुना म्हणून पिशवीतून माझं ब्लाऊज काढलं. त्यानं ते उलटं केलं. रंग उडालेला, अस्तर विरलेलं, खिशावर माझे वेडेवाकडे टाके. त्यावरून तो बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.

"हे तर रोजच्या वापरातलं दिसते," तो हळूच म्हणाला.

"रोजच्याच."

मग मी इतके दिवस अडलेलं विचारलं, की तुम्हाला कळलं कसं? तो म्हणाला, मी दुरुस्तीला आणायची त्या प्रत्येक ब्लाऊजच्या डाव्या अस्तराला पिनांची छिद्रं असायची, उजव्याला एकही नाही, आणि डोक्याचा स्कार्फ मी कधीच सोडत नव्हते, त्यावरून त्याला दुखणं कळलं. मग एक दिवस त्यानं यवतमाळला जाऊन दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं, अशा बाईसाठी आत काय भरायचं. मी अट घातली होती ना, फिटिंगची.

"तुमच्या घरी याले माय साडी काढून तयार होती," तो म्हणाला. "वाटलं, तुमचा राग निवंन. तुम्ही... भांडाले तरी याचं होतं."

राग दुसऱ्याच दिवशी निवला होता. नंतर उरली ती लाज, आणि त्या लाजेपायी मी हा माणूस घालवला.

त्यानं ब्लाऊजची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"फिटिंग..." त्यानं विचारलं.

"बरोबर होती," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी."

त्यानं मान हलवली. कानामागचा खडू काढून बिजलीबाईच्या कापडावर पहिली रेघ ओढली, ती वाकडी गेली, ती पुसून दुसरी ओढली. पुढच्या बाजाराला न्या, म्हणाला. त्याची बायको चहा घेऊन आली, मी उभ्याउभ्याच तो प्यायले.

बाहेर जीप उभी होती. भरायला अजून चार माणसं कमी होती, पण मी दुकानात थांबले नाही, जीपमध्येच जाऊन बसले.